सोळाव्या वर्षी निकाल लावू नकोस

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद. मेल वाचला. तुझ्या हाताखाली शिकणारा सोळा वर्षांचा पोरगा अरब युवा स्पर्धेत २००० मीटर स्टीपलचेसला, म्हणजे अडथळ्यांच्या आणि पाण्यावरच्या उड्यांच्या शर्यतीला, सहावा आला, म्हणून तुझे आखातातले क्लबवाले त्याचे आठवड्याचे धावायचे किलोमीटर दुप्पट करायला सांगतात. आणि तू मला विचारतेस, ‘सर, करू का?’ त्यांचं सोड, तू डळमळलीस याचं मला वाईट वाटलं.

सोळाव्या वर्षी निकाल लावायचा नसतो.

पुढची पोरं मोरोक्को-अल्जीरियाची होती, म्हणतेस. असणारच. औइता, मोर्सेली, एल गेरूज या नामी धावपटूंचा मुलूख तो. पण ती माणसं पिकली कधी, ते बघशील की नाही? मोरोक्कोचा स्टीपलचेसवाला सुफियान अल बक्काली २०१४ च्या जागतिक ज्युनियर स्पर्धेत चौथा होता. पुढे टोकियो आणि पॅरिस, दोन्हीकडे ऑलिंपिक सोनं. एल गेरूज १९९२ ला सोलमध्ये ज्युनियरांच्या पाच हजार मीटरला तिसरा. मग अटलांटात पडला, सिडनीत दुसरा आला आणि अथेन्सला दोन सुवर्णं घेतली तेव्हा तिशीला टेकला होता.

तू लगेच कतारच्या उंच उडीवाल्या बर्शिमचं नाव घेशील. घे. तो जागतिक ज्युनियर विजेता झाला २०१० मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, सोळाव्या नव्हे. ऑलिंपिक सुवर्ण त्यानंतर अकरा वर्षांनी. मधे २०१८ ला घोटा गेला होता, हे क्लबवाले कधी सांगतात का?

कतारचाच अश्रफ अल-सैफी बघ. २०१२ ला बार्सिलोनात ज्युनियर हातोडा ८५.५७ मीटर फेकला. अचाट फेक! पण तो हातोडा ६ किलोचा, मोठ्यांचा ७.२६. दोनदा जागतिक ज्युनियर विजेता झालेला हा गुणी पोरगा ऑलिंपिक पदकापर्यंत काही पोचला नाही. यात त्याचा दोष शोधू नकोस. वजन बदलतं, अंतर बदलतं, स्पर्धाच बदलते. तुझ्या पोराला आज पाच वॉटर जम्प, म्हणजे पाण्यावरच्या उड्या, आहेत, मोठ्यांच्या तीन हजार मीटरला सात होतील. आजच्या सहाव्या नंबरावरून उद्याचं काय सांगणार?

कोवळ्या उसाला उतारा पडत नाही, हे साताऱ्याच्या पोरीला मी सांगायचं?

आखातात असताना मीही एका पोराला फायनलला उतरवलं नव्हतं. नडगी दाबली की कळवळायचा. पदक नक्की होतं, सगळे म्हणाले. माझा करार वाढला नाही. मला अडेलतट्टू म्हणाले, अजूनही म्हणत असतील. म्हणोत. आजही मी तेच करीन. त्या पोराशी नीट बोलायच्या आत मला निघावं लागलं, तेवढी एक खंत आहे. त्याला वाटलं असेल, सरांचा आपल्यावर विश्वास नव्हता. उलट होतं गं सगळं.

आपला बीडकडच्या मांडव्याचा स्टीपलचेसवाला अविनाश साबळे तर बारावीनंतर सैन्यात गेला आणि तिथे ॲथलेटिक्सला लागला. सोळाव्या वर्षी त्याच्याकडे कोण बघत होतं? पण २०२४ च्या पॅरिस फायनलमध्ये अल बक्कालीच्या शेजारी उभा होता. अकरावा आला, हो. तरी उभा होता!

तेव्हा किलोमीटर वाढवायचे नाहीत. मगरिबच्या, संध्याकाळच्या नमाजानंतरचा सराव आहे तसाच ठेव, आठवड्यातला एक दिवस नुसता बॅरियरचा, म्हणजे अडथळ्यांचा. क्लबच्या साहेबांना हे लेखी दे, तोंडी नको; तोंडी बोललेलं फिरवता येतं. करार गेला तर जाऊ दे. असं मी सहज म्हणतो, भाडं तुला भरायचं असतं, ते कळतं मला. तरीही जाऊ दे. आणि पोराला स्वतः सांग, आजच सांग.

वॉटर जम्पचा व्हिडिओ पाठवलास तो मागून काढलाय, त्यात काहीच दिसत नाही. बाजूने काढ. बॅरियरवर पाय ठेवताना तो दबकतो की काय, ते मला बघायचंय.

तुझा,
सर