लेगो पुन्हा हातात घेताय? मग आधी एवढंच करा

नवीन मोठा सेट मागवायची घाई नको. आधी माळ्यावरचा जुना डबा खाली काढा. १९५८ नंतरच्या लेगोच्या विटा आजच्या विटांतही बसतात, त्यामुळे लहानपणीचं काहीही वाया गेलेलं नाही. कोमट पाण्यात (४० अंशांच्या आत) थोडा साबण टाकून धुवा आणि सावलीत वाळवा. वॉशिंग मशीन, ड्रायर नको. उन्हात ठेवलेल्या पांढऱ्या विटा पिवळ्या पडतात.

आता वर्गवारी. इथे जवळजवळ सगळेच फसतात, कारण रंगानुसार ढीग लावले की दिसतात छान. पण काळ्या ढिगातून एक बारीकशी काळी पिन शोधून बघा, डोळे दुखतील! लाल वीट मात्र रंगीबेरंगी विटांतही लगेच दिसते. म्हणून आकारानुसार लावा: विटा, चपट्या प्लेटा, चाकं, बारीकसारीक. सुरुवातीला चार डबे पुरे.

आणखी दोन-तीन गोष्टी:
- चिकटलेल्या प्लेटा दातांनी सोडवू नका, खुणा कायमच्या राहतात. त्यासाठी ब्रिक सेपरेटर नावाचं छोटं अवजार मिळतं.
- सूचनापुस्तिका हरवली असेल तर सेटचा क्रमांक लेगोच्या साइटवर टाका. बऱ्याच जुन्या पुस्तिका तिथे फुकट आहेत.
- एखाददुसरा तुकडा कमी असेल तर अख्खा सेट घेऊ नका, ब्रिकलिंक या साइटवर सुटे तुकडे मिळतात.

स्वतःची डिझाइनं, मॉडेल चालवायच्या मोटर, दुर्मीळ सेट हे सगळं नंतर. आधी एखादा जुना सेट पूर्ण जोडा. कुठे अडलात तर विचारा.