‘ळ’, जनुके आणि कान

प्रश्न : काळाचौकीला आमच्या शेजारी मूळचे बिहारचे एक गृहस्थ राहतात. कित्येक वर्षे मुंबईत काढूनही ते ‘कालाचौकी’च म्हणतात, त्यांची इथेच जन्मलेली मुलगी मात्र ‘ळ’ आमच्याइतकाच स्वच्छ उच्चारते. भाषेतील ध्वनी जनुकांवर आणि कानाच्या घडणीवर अवलंबून असतात, असे वाचनात आले. त्यात तथ्य किती? – एक वाचक, मुंबई

उत्तर : आपल्या शेजाऱ्यांपुरते पाहिले, तर जनुकांना मध्ये आणण्याचे कारणच नाही. मुलीची निम्मी जनुके वडिलांकडूनच आलेली आहेत. फरक आहे तो लहानपणी कानावर काय पडले याचा. जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतीत फार बोलका आहे. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील तान्ह्या बाळांना त्यांनी हिंदीतील दंत्य (जीभ दातांना टेकवून उच्चारला जाणारा) ‘त’ आणि मूर्धन्य (जीभ वर वळवून उच्चारला जाणारा) ‘ट’ ऐकवले. ध्वनी बदलताच बाळाने मान वळवली की बाजूचे खेळणे उजळून हलू लागे, म्हणजे बाळाला फरक कळला की नाही हे त्याच्या मानेवरूनच समजत असे. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना तो कळला, पण दहा-बारा महिन्यांच्या फारच थोड्यांना. हिंदी घरांतील त्याच वयाच्या बाळांना मात्र तो सहज कळत होता. म्हणजे कान अधू झालेला नसतो, तर आपल्या भाषेला न लागणाऱ्या भेदांकडे मेंदू पहिल्या वर्षातच काणाडोळा करू लागतो. प्रौढपणी सरावाने हे भेद पुन्हा शिकता येतात, पण त्यासाठी चिकाटी लागते.

आपण जे वाचले त्याचा उगम बहुधा वेगळ्या संशोधनात असावा. चिनी, व्हिएतनामी किंवा आपल्याकडची मिझो अशा भाषांत सूर चढला-उतरला की शब्दाचा अर्थच बदलतो. एडिंबरा विद्यापीठातील डॅन डेडियू आणि रॉबर्ट लॅड यांनी २००७ मध्ये ४९ मानवसमूहांची माहिती ताडून पाहिली, तेव्हा त्यांना असे आढळले की एएसपीएम आणि मायक्रोसेफॅलिन या मेंदूच्या वाढीशी संबंधित जनुकांची उत्क्रांतीत नंतर आलेली रूपे जिथे विरळ आहेत, तिथे अशा सूरभेदी भाषा अधिक आहेत, आणि भौगोलिक जवळीक व भाषांचे आपसातील नाते वजा करूनही हा संबंध उरतो. पुढे २०२० मध्ये पॅट्रिक वाँग आणि सहकाऱ्यांनी कँटोनीज या सूरभेदी चिनी भाषेच्या ४०० हून अधिक भाषकांची चाचणी घेतली. तीत सूर ओळखण्याच्या क्षमतेचा एएसपीएममधील फरकाशी संबंध दिसला.

येथे एक खबरदारी घ्यायला हवी. अमुक जनुक असेल तर अमुक भाषा येते, असे या संशोधकांपैकी कोणीही म्हटलेले नाही (वृत्तपत्रांचे मथळे मात्र तसे म्हणून मोकळे होतात). कोणत्याही वंशाचे मूल ज्या घरात वाढेल तिथली भाषा बिनचूक उचलते. या संशोधकांचे म्हणणे इतकेच, की सूर पकडण्यात काही जणांना किंचित सोपे जात असेल आणि असे लोक एखाद्या समाजात जास्त असतील, तर तो बारीकसा कल पिढ्यानुपिढ्या साचत जाऊन भाषेच्या घडणीत उतरू शकतो. मला ही मांडणी विचार करण्याजोगी वाटते, सिद्ध झालेली वाटत नाही.

कारण याच्या उलट जाणारे उदाहरण मुंबईतच ऐकू येते. सायन-कोळीवाड्यातील पंजाबी कुटुंबांची भाषा हिंदी-मराठीच्याच कुळातली, तरीही सूरभेदी आहे. पंजाबीत शब्दारंभीचे ‘घ’, ‘झ’, ‘भ’ हे महाप्राण घोष (श्वासाच्या झोतासह, कंठ कंपित करून उच्चारले जाणारे) ध्वनी लोपले आणि त्यांची जागा सुराने घेतली. ‘घोडा’ हा शब्द तिथे जवळजवळ ‘कोडा’ असा, पण खालच्या सुरात उच्चारला जातो. हा बदल समजण्यासाठी ध्वनींचा इतिहास पुरतो, त्याला जनुकांचा आधार लागत नाही.

श्रवणाच्या बाजूने ध्वनिशास्त्रज्ञ अँड्र्यू बुचर यांचा तर्क अधिक धीट आहे. ऑस्ट्रेलियातील बहुतेक आदिवासी भाषांत ‘स’, ‘श’ यांसारखे घर्षक ध्वनी नाहीत, आणि त्या समाजांतील मुलांत मधल्या कानाच्या जुनाट संसर्गाने श्रवण मंदावण्याचे प्रमाण मोठे आहे; ऐकायला अवघड ध्वनी भाषेतून गळाले असावेत, असे ते सुचवतात. त्यावर आक्षेप असा, की आज दिसणारा हा आजार भाषा घडत होत्या त्या काळीही इतकाच पसरलेला होता, हे दाखवणे कठीण आहे.