नाइफ-एजमध्ये विमान पोटाकडे का पळतं?

प्रश्न : नमस्कार काका, मी मानेवाड्याला राहतो, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. माझं १.२ मीटरचं ईपीपी फोमचं एरोबॅटिक मॉडेल आहे, तीन सेलच्या बॅटरीवर उडवून राहिलो. लूप, रोल, उलटं उडणं सगळं मस्त जमते, पण नाइफ-एजला (एक पंख वर, एक खाली असं आडवं करून) घेऊन रडर (शेपटीवरची उभी पट्टी) दिला की नाक चाकांकडे वळते आणि वरून रडरच्याच बाजूला रोलपण होते. मित्र म्हणतो रेडिओत २० टक्के मिक्स (रडरसोबत दुसरी पट्टी आपोआप हलवणारी सेटिंग) टाक अन् मोकळा हो. टाकू का? आणि मुळात हे होते काहून?

उत्तर : मिक्स टाकायचंच आहे, पण सगळ्यात शेवटी, आणि २० टक्के तर नाहीच नाही.

आधी का होतं ते बघ. सरळ उडताना पंख विमान उचलतो आणि शेपटी त्याचा तोल सांभाळते. नाइफ-एजला पंख उभा झाला, आता उचलायचं काम धड करतंय आणि रडर फक्त धडाचं नाक वर धरून ठेवतोय, म्हणजे विमान तिरकं सरकत चाललंय. पण सरळ उडण्यासाठी तू एलिव्हेटरला (शेपटीवरची आडवी, नाक वर-खाली करणारी पट्टी) जो ट्रिम (कायमचा बारीक कल) दिला तो तसाच राहिला ना! पंखाला आता काही उचलायचं नाही, तरी ट्रिम आपलं काम करतोच. ट्रिम वरचा असेल तर विमान कॅनोपीकडे (पाठीकडे) ओढतं, खालचा असेल तर पोटाकडे. त्यात भर म्हणून हवा तिरकी येते, धड आणि पंखाचा आडोसा शेपटीवर पडतो, प्रोपेलरची हवासुद्धा एका अंगाने लागते.

म्हणून पहिला हात सीजीला, म्हणजे विमानाच्या तोलाच्या बिंदूला. बॅटरी ५ मिलिमीटर पुढे घे, परत सरळ उडवून ट्रिम कर आणि मग नाइफ-एज बघ. सीजी पुढे गेला की वरचा ट्रिम लागतो, त्यामुळे पोटाकडची ओढ कमी होते. (कॅनोपीकडे ओढत असतं तर बॅटरी मागे घ्यायला सांगितली असती.) पण याच एका दुखण्यासाठी नाक जड करून ठेवू नकोस. ४५ अंशात वर चढव, उलटं कर आणि एलिव्हेटर सोडून दे. सरळ रेषेत जात हळूच नाक खाली आलं तर सीजी ठीक आहे, लगेच गपकन खाली आलं तर बॅटरी जास्त पुढे गेली. बाल्साच्या (हलक्या लाकडाच्या) मॉडेलमध्ये पंखाचा इन्सिडन्सही (धडावर पंख बसवल्याचा कोन) बारीकसा कमी करता येतो, तुझ्या फोममध्ये पंख चिकटवलेला असणार, तो विषय सोड.

रोलचं कारण वेगळं. उजवा रडर दिला की डावा पंख पुढे येतो, पंखाला डायहेड्रल (टोकांकडे वर जाणारा कल) असेल तर त्या बाजूला जास्त उचल मिळते आणि विमान उजवीकडे कलंडतं. रडरच्याच बाजूला रोल म्हणजे डायहेड्रल जास्त, उलट्या बाजूला रोल म्हणजे कमी. इथे नागपूरकरांनी एक गोष्ट आवर्जून बघावी. मे महिन्यात ४५ डिग्रीत बंद गाडीच्या मागच्या काचेखाली दोन तास ठेवलेला फोमचा पंख टोकाकडून वाकलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय, आणि तो पोरगा महिनाभर रेडिओतच खेळत बसला होता. पंख सपाट टेबलावर ठेव, दोन्ही टोकांखालची फट मोज.

आता टेबलावर बसलाच आहेस तर एलिव्हेटरपण तपास, माझा सगळ्यात जास्त वेळ यातच गेलाय. माझ्या एका बाल्साच्या विमानाला एलिव्हेटरच्या दोन भागांना दोन वेगळे सर्व्हो (पट्टी हलवणाऱ्या छोट्या मोटरी) होते, त्याला उजव्या नाइफ-एजला १४ टक्के मिक्स लागायचं आणि डाव्याला फक्त ५, मी दोन रविवार आकडेच बदलत बसलो. शेवटी एका संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर स्टीलची पट्टी दोन्ही एलिव्हेटरच्या मागच्या कडेवर आडवी धरली तर डाव्या बाजूला पट्टी टेकत होती आणि उजव्या बाजूला खालून उजेड दिसत होता, २ मिलिमीटरचा फरक! तिरकं उडताना शेपटीचा एक भाग धडाच्या आडोशाला जातो आणि दुसऱ्याचं जास्त चालतं, म्हणून उजवा-डावा हिशोब जुळत नव्हता. पुशरॉड (सर्व्होपासून पट्टीपर्यंतची सळई) तीन आटे फिरवला, एका हॉर्नमधलं (सळई अडकते त्या खुंटीतलं) भोक बदललं, मधल्या जागी, पूर्ण वर आणि पूर्ण खाली अशा तिन्ही ठिकाणी पट्टी परत धरली, आणि दुसऱ्या दिवशी दोन्हीकडे ६ टक्क्यांत काम झालं. तुझ्याकडे एकच सर्व्हो असेल तर दोन भागांना जोडणारी पट्टी पिळते का ते बोटाने दाबून बघ. रडरचा हिंज सरळ उभा आहे ना, वायर ढिली नाही ना, तेही आत्ताच.

एवढं झालं की मैदानावर जा, पहाटे, वारा उठायच्या आत. वाऱ्याच्या तोंडावर सरळ पास घे, थ्रॉटल अर्ध्याच्या थोडा वर, नाइफ-एज कर आणि फक्त रडरवर उंची धर, एलिव्हेटरला दोन-तीन सेकंद बोट लावू नकोस. बोट आपोआप जातं, माझंही जातं, म्हणून शेजारी कुणाला उभं करून त्याला बघायला सांग की नाक किती आणि कुठे वळलं. डावीकडून दोनदा, उजवीकडून दोनदा. मग रडरवरून एलिव्हेटरचं मिक्स, ३ टक्क्यांपासून. रोलसाठी रडरवरून एलेरॉनचं (पंखांच्या मागच्या कडेच्या, रोल करणाऱ्या पट्ट्या) वेगळं मिक्स टाक, उजव्या रडरला विमान उजवीकडे कलंडत असेल तर एलेरॉन डावीकडे जायला हवा, म्हणजे जमिनीवर उजवा रडर दिला की उजवा एलेरॉन किंचित खाली दिसेल. एलिव्हेटरचा आकडा १२-१५ च्या वर जायला लागला तर रेडिओ बंद कर आणि परत टेबलावर ये.

प्रश्न : भाऊ, मी हिंगण्याला राहतो, बरीच वर्षं उडवतोय. रडरवरून एलिव्हेटरचं मिक्स टाकलं, उजव्या नाइफ-एजला एकदम झकास, डाव्याला मात्र आधीपेक्षा वाईट, थेट पोटाकडे गोता. सर्व्हो खराब झाला असेल का?

उत्तर : सर्व्हो चांगला आहे हो, बदलू नका. साधं मिक्स सरळ रेषेत चालतं, उजव्या रडरला एलिव्हेटर वर नेलं तर डाव्या रडरला खाली नेणारच. आणि तुमची ओढ तर दोन्हीकडे पोटाकडेच आहे, म्हणजे एलिव्हेटर दोन्हीकडे वर जायला हवा. बऱ्याच रेडिओंमध्ये मिक्सच्या डाव्या आणि उजव्या बाजूला वेगळे टक्के टाकता येतात, एका बाजूचं चिन्ह उलटं करा. ओपनटीएक्स (रेडिओतलं एक सॉफ्टवेअर) असलेला रेडिओ असेल तर मिक्सच्या ओळीत कर्व्हच्या जागी उभ्या दोन रेघांमधला एक्स निवडा, दोन्ही बाजू एकाच दिशेला जातात. कर्व्ह टाकता येत असेल तर सगळ्यात उत्तम, कारण थोड्या रडरला ओढ नगण्य असते आणि शेवटच्या टप्प्यात एकदम वाढते, मध्ये सपाट आणि टोकाला उचललेला असा पाच पॉइंटचा कर्व्ह बसवा. एलेरॉनच्या मिक्सला मात्र सरळ रेषाच हवी, तिथे दोन बाजूंना उलटच जायचं असतं, गोंधळ इथेच होतो. उडवण्याआधी विमान मांडीवर घ्या, शेपटी स्वतःकडे, रडर उजवा, रडर डावा, दोन्ही वेळा एलिव्हेटर वर उठला पाहिजे. दरवेळी बघा, मी अजून बघतो.

प्रश्न : मिक्स कायम चालू ठेवलं तर चालेल का? लँडिंगला काही त्रास? (एक वाचक, कामठी)

उत्तर : चालू ठेवू नका, स्विचवर टाका. लँडिंगला आपण रडरने नाक सरळ करतो, तेव्हा वेग कमी असतो, त्यात एलिव्हेटर आपोआप वर आला तर विमान अगदी नको त्या क्षणी नाक उचलतं आणि स्टॉल होतं, म्हणजे पंखाची उचल संपून कोसळतं. टेकऑफलाही तेच. नाइफ-एज करायच्या आधी स्विच चालू, झालं की बंद, ही सवय बोटालाच लावून घ्या. आणि तुम्ही मैदानाचं विचारलं नाही तरी सांगतो, सोनेगावचं विमानतळ गावाला लागून आहे, ड्रोन नियम २०२१ प्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांच्या वर परवानगीशिवाय जाता येत नाही आणि त्याच्या आत तर जमिनीपासूनच बंधन आहे. नवीन जागी पहिल्यांदा जाण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाचा नकाशा उघडून आपलं मैदान कोणत्या रंगात येतं ते बघून घ्या.