डिस्चार्ज झाला, आता घरी नर्स कशाला?

मागच्या अंकात सीओपीडीचा (श्वासनळ्या अरुंद होऊन सतत धाप लागते तो फुप्फुसांचा जुनाट आजार) पेशंट घरी नेल्यावरच्या पहिल्या महिन्याबद्दल जाता जाता चार ओळी लिहिल्या होत्या, तर त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच देतेय. मी छातीच्या वॉर्डात बरीच वर्षं ड्युटी केली, आता घरोघरी जाऊन पेशंट बघते. म्हणजे ही उत्तरं नर्सची आहेत, डॉक्टरची नाहीत, औषध कमीजास्त करायचं तर तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

प्रश्न: ताई, बाबा ७१ वर्षांचे, सीओपीडी आहे, नऊ दिवस ॲडमिट होते, परवा घरी आणलं. बहीण म्हणते महिनाभर घरी येणारी नर्स लावू. पण इंजेक्शन नाही, सलाईन नाही, ड्रेसिंग नाही, मग ती येऊन करणार काय? बीपीचं मशीन तर आमच्याकडे पण आहे.

उत्तर: दादा, बीपी घेऊन वहीत सही करून जाणारी नर्स असेल तर खरंच नका लावू. तिचं पहिलं काम म्हणजे गप्प बसून बघणं. एका आजोबांकडे मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांना म्हटलं, रोज औषध कसं घेता ते मला करून दाखवा. आजोबांनी इनहेलरमध्ये टाकून ओढायची कॅप्सूल काढली, तोंडात टाकली, वर पाणी प्यायले आणि माझ्याकडे बघून मान हलवली, झालं! मशीन बॉक्समध्ये कोरं करकरीत. वॉर्डात त्यांना सांगितलं नव्हतं असं नाही, सांगितलं होतं, पण डिस्चार्जच्या दिवशी बिल, रिक्षा, फाईल, कपडे या गडबडीत सांगितलेलं कुणाच्या डोक्यात राहतं? आणि त्यांना कुणी 'करून दाखवा' म्हटलंच नव्हतं. सगळ्यांनी विचारलं ते 'समजलं ना?', आणि त्याला सगळेच हो म्हणतात.

तर तुमच्या बाबांना नर्ससमोर पंप, म्हणजे इनहेलर, घ्यायला लावा. दाबायचा पंप असेल तर झाकण काढून हलवायचा, आधी श्वास पूर्ण बाहेर सोडायचा, मग दाबून हळूहळू आत ओढायचा आणि दहापर्यंत मोजत रोखायचा. पावडरवाला असेल तर नेमकं उलटं, एकदम जोरात ओढायचा, आणि त्यात फुंकर मारायची नाही, पावडर ओली होते. घरात दोन्ही प्रकार असले की हमखास घोळ होतो. स्टेरॉइडचा पंप घेतला की चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात. स्पेसर (पंपाला पुढे लावायचं प्लॅस्टिकचं नळकांडं) साबणाच्या पाण्यात धुवून तसाच निथळत ठेवायचा, फडक्याने पुसला तर औषध आतल्या बाजूला चिकटतं. पंपावर आकडा दिसत नसेल तर कधी सुरू केला ती तारीख त्याच्यावरच लिहा, रोजचे किती पफ तो हिशोब घाला, कारण औषध संपल्यावर पण रिकामा पंप फुसफुसत राहतो आणि माणसाला वाटतं औषध जातंय.

दुसरं काम, जुन्या गोळ्यांचा डबा आणि नवं डिस्चार्ज कार्ड शेजारी ठेवून जुळवणं. एकच औषध दोन नावांनी दोनदा चाललेलं मी कितीदा पकडलंय. स्टेरॉइडच्या गोळ्या बऱ्याचदा ५ दिवसांच्याच असतात, काही घरी घाबरून दुसऱ्याच दिवशी बंद करतात तर काही घरी 'बरं वाटतंय' म्हणून पंधरा दिवस ओढतात, दोन्ही चूक.

आणि तिसरं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कधी फोन करायचा आणि कधी थेट उचलून न्यायचं हे कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावणं. बेडका वाढला किंवा पिवळा-हिरवा झाला, नेहमीपेक्षा जास्त धाप लागतेय, पाय सुजले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. ओठ निळे पडले, एक वाक्य पण सलग बोलता येत नाही, माणूस गुंगीत गेला किंवा असंबद्ध बोलायला लागला, तर फोन-बिन नाही, सरळ हॉस्पिटल. सकाळपर्यंत बघू म्हणत रात्र काढणारेच आमच्याकडे सगळ्यात वाईट अवस्थेत यायचे.

फॉलोअपची तारीख कार्डावर नसेल तर मागून घ्या, पहिल्या ४ आठवड्यांच्या आत एकदा दाखवायलाच हवं. पहिलं दाखवणं चुकलं की पुढचं सगळंच लांबतं.

प्रश्न: आम्ही नेब्युलायझर घेतलाय, मग आता पंप बंद केला तर चालेल का? वाफेने जास्त बरं वाटतं.

उत्तर: नाही. श्वासनळ्या मोकळ्या करायचं औषध स्पेसर लावून नीट घेतलं तर पंपाने पण तेवढंच पोचतं, नेब्युलायझर मोठं मशीन आहे, आवाज करतं, म्हणून भारी वाटतं. डॉक्टरांनी लिहून दिला असेल तर वापरा, पण रोजचा पंप सोडू नका, आणि वाटी-मास्क रोज धुवून कोरडे करा, ओलसर वाटीत जंतू वाढतात आणि मग तेच आपण छातीत सोडतो.

प्रश्न: आईला घरी ऑक्सिजनचं मशीन दिलंय. कार्डावर १ लिटर लिहिलंय पण ऑक्सिजन मोजायच्या बोटाच्या मशीनवर ९० दिसलं की माझा जीव वरखाली होतो, मी ३ वर नेते, ९८ आलं की मला बरं वाटतं. पण आई सकाळी डोकं दुखतं म्हणते, दिवसभर पेंगत असते. आणि रात्री नळी काढून टाकते ते वेगळंच.

उत्तर: अगं, आधी उठ, मशीन कार्डावर लिहिलंय त्यावर आण (बंद करू नकोस, एकदम बंद करणं पण धोक्याचं) आणि सकाळची डोकेदुखी आणि पेंग, हे दोन शब्द आजच्या आज डॉक्टरांना फोनवर सांग. हाक मारून पण ती नीट जागी होत नसेल तर फोन करत बसू नकोस, घेऊन जा.

तुझी चूक नाही, ९८ म्हणजे चांगलं हे आपल्या सगळ्यांच्याच डोक्यात बसलंय. पण सीओपीडीत, विशेषतः कार्बन डायऑक्साइड साठायची सवय असलेल्या पेशंटमध्ये, आपल्याला ८८ ते ९२ हवं असतं. फुकट मिळतोय म्हणून ऑक्सिजन वाढवला की आतला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडायच्या ऐवजी साठत जातो, मग डोकं जड, पेंग, हातांना थरथर, आणि फार झालं तर बेशुद्धी. घरच्यांना वाटतं किती शांत झोपलीये! म्हणजे ९० बघून तू घाबरत होतीस तेव्हा आईचा आकडा खरंतर बरोबर होता.

बोटाच्या मशीनवर पण डोळे झाकून विश्वास नको. बोट गार असेल, नेलपेंट असेल तर चुकीचा आकडा येतो, आणि सावळ्या त्वचेवर ते कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त दाखवतं. बोट चोळून गरम करून, मिनिटभर थांबून मग वाच, आणि दर दहा मिनिटांनी वाचू नकोस गं, त्याने तुझा आणि तिचा दोघींचाही दम वाढतो.

रात्रीचं आता. रक्तातला ऑक्सिजन खूपच कमी असलेल्यांना घरचा ऑक्सिजन दिवसाला किमान १५ तास लागतो, हे १९८० आणि १९८१ च्या दोन अभ्यासांतून आलंय, आणि त्यात जास्त तास घेणारे जास्त जगले. १५ तास दिवसा नळी लावून बसून कोण पुरे करणार, त्यामुळे रात्र सोडून चालतच नाही. ती नळी का काढते ते विचार. नाक कोरडं पडत असेल, कानामागे नळी घासून जखम झाली असेल. मी गेले की आधी कानामागे बोट फिरवून बघते, तिथे कापसाची किंवा फोमची छोटी गादी केली की निम्म्या तक्रारी संपतात. नाकाला व्हॅसलीन लावू नकोस, ऑक्सिजनजवळ तेलकट काही नको, पाण्याचं जेल मिळतं ते लाव. आणि त्या खोलीत विडी-सिगरेट, दिवा, गॅस काहीच नको, पाहुणा कितीही मोठा असला तरी.

अजून एक, हॉस्पिटलमधून निघताना दिलेला ऑक्सिजन जन्मभराचा असेलच असं नाही. २ ते ३ महिन्यांनी परत तपासतात, काहींची गरज तोवर संपलेली असते. ती तपासणी मागून घे.

प्रश्न: सीओपीडीच्या पेशंटला ट्रेंड नर्स लावली की परत ॲडमिट व्हायची वेळ येत नाही, हे अमेरिकेत सिद्ध झालंय असा मेसेज आलाय. खरं का?

उत्तर: या मेसेजमागची गोष्ट मेसेजपेक्षा भारी आहे. २०१८ मध्ये जामा या जर्नलमध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या टीमचा अभ्यास आला, २४० पेशंट, अर्ध्यांना खास शिकवलेल्या नर्सने ३ महिने साथ दिली, आणि निकाल असा की त्यांच्या हॉस्पिटलच्या वाऱ्या जवळपास निम्म्या झाल्या. आम्हा नर्सना काय आनंद! मग त्याच टीमला कळलं की डेटामध्ये दोन्ही गटांचे कोड उलटे लागले होते. म्हणजे नर्सची साथ होती त्यांच्याच वाऱ्या जास्त, सहा महिन्यांत दर पेशंटमागे सरासरी १.४० विरुद्ध ०.७२. त्यांनी २०१९ मध्ये स्वतःहून पेपर मागे घेतला आणि दुरुस्त करून परत छापला. अशी चूक कबूल करायला छाती लागते.

उलट कॅनडातल्या क्यूबेकमधल्या २००३ च्या अभ्यासात, घरी येऊन पेशंटलाच शिकवलं आणि बिघडलं तर काय करायचं ते लिहून दिलं, तर त्रास वाढून ॲडमिट होणं साधारण ४० टक्क्यांनी कमी झालं. मला विचाराल तर नर्स लावली की झालं असं नाहीच, ती काय करते आणि तिच्या फोनला पुढे डॉक्टर उत्तर देतो का, त्यावर सगळं आहे. आणि नजर ठेवणारं कुणी असलं की काही वाऱ्या वाढणारच, त्यातल्या काही वेळेत झालेल्या असतात. तेव्हा मेसेज पुढे पाठवू नका.

प्रश्न: मी स्वतः पेशंट आहे. घरी येऊन तीन आठवडे झाले. बाथरूमपर्यंत गेलं तरी धाप लागते म्हणून आता पलंगावरच बसून असतो. मुलगा म्हणतो चाला, सून म्हणते आराम करा. कुणाचं ऐकू?

उत्तर: काका, डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर मुलाचं ऐका, पण सुनेच्या वेगाने. बसून राहिलं की मांड्यांचे स्नायू झपाट्याने कमी होतात, मग तेवढ्याच पावलांना जास्त श्वास लागतो, म्हणून माणूस आणखी बसतो. धाप लागली म्हणजे फुप्फुस फाटतंय असं नसतं, थांबल्यावर ती उतरते की नाही ते बघा. पल्मनरी रिहॅब म्हणून व्यायामाचा कार्यक्रम असतो, डिस्चार्जनंतर ४ आठवड्यांच्या आत सुरू केला तर फायदा चांगला होतो, तुमच्याकडे अजून आठवडा आहे, डॉक्टरांना उद्याच विचारा.

तोवर एवढं करा. नाकाने श्वास घ्या, ओठ शिट्टी वाजवल्यासारखे करून दुप्पट वेळ लावून सोडा. उठताना, वाकताना, जोर लावताना श्वास सोडायचा, रोखायचा नाही. धाप लागली की टेबलावर कोपर टेकून पुढे झुका. बाथरूमच्या वाटेवर मधोमध एक खुर्ची ठेवा आणि आत बसून अंघोळीला स्टूल. अंघोळ झाली की अंग पुसत उभं राहायचं नाही, टॉवेलचा गाऊन अंगावर घालून तसंच बसायचं, पाणी तो टिपतो आणि तुमची धाप वाचते. पहिल्या दिवशी खुर्चीपर्यंत जाऊन परत या. बास.