२ लाखांवर सही करू नका, आधी पत्र मागा

ताई, तुमच्या भावाचं वाचलं आणि फार वाईट वाटलं. कॅशियर माणूस, २ लाख ४० हजार खाल्ले म्हणून कामावरून काढला, पोलिसात दिला, आणि आता ३ वर्षांनी कळतंय की सॉफ्टवेअर एकेक पावती दोनदा धरत होतं. कोर्टानं मागच्या महिन्यात निर्दोष सोडलं आणि मॅनेजमेंट म्हणतंय २ लाख घ्या, फुल अँड फायनलवर, म्हणजे आता आमचं काही देणं उरलं नाही अशा कागदावर, सही करा. नका हो करू सही.

मी पण इंदूरचाच, रामबागेतला. २००६ मध्ये माझ्यावर स्टोअरच्या मालाचा आळ आला होता, १४ महिन्यांनी साहेबांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं तुमची चूक नव्हती, उद्यापासून या. थकलेला पगारही दिला, मी आनंदानं रुजू झालो, पण हातात कागद एक नाही. पुढे मुलीच्या लग्नाची बोलणी चालू असताना पाहुण्यांनी विचारलंच, ते चोरीचं प्रकरण तुमचंच ना, आणि माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. ते अजून खुपतं मला. म्हणून पैशांच्या आधी लेटरहेडवर पत्र मागा, आरोप खोटा होता, चूक आमच्या सिस्टिमची होती असं स्वच्छ लिहिलेलं, आणि तेव्हा ज्यांना ज्यांना कळवलं होतं त्या सगळ्यांना त्याची प्रत.

मग पैसे. २ लाख हा आकडा काढला कसा ते लेखी विचारा. ३ वर्षांचा पगार इन्क्रिमेंटसकट, पीएफ, ग्रॅच्युइटीसाठी सलग नोकरी, घर चालवायला काढलेलं कर्ज आणि त्याचं व्याज, गहाण टाकलेलं सोनं, सगळं मांडा. नोकरीवरून चुकीनं काढलं असेल तर मागचा पूर्ण पगार हाच सर्वसाधारण नियम, असं सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्ये क्रांती ज्युनियर अध्यापक महाविद्यालयाच्या केसमध्ये म्हटलंय, पण या काळात दुसरीकडे तशी कमाई नव्हती हे भावानं आधी स्वतः सांगावं लागतं, मग उलटं सिद्ध करायचं काम मालकाचं.

वकिलाची फी वेगळी मागा, हे विसरू नका. ब्रिटनच्या पोस्टात हेच झालं होतं, होरायझन नावाच्या सिस्टिमनं खोटी तूट दाखवली आणि ९०० च्या वर लोक दोषी ठरले. त्यातले आणि इतर मिळून ५५५ जण कोर्टात गेले, २०१९ मध्ये ५ कोटी ७७ लाख ५० हजार पौंडांवर तडजोड झाली, पण बहुतेक रक्कम केसच्या खर्चातच गेली, नंतर सरकारला त्यांच्यासाठी वेगळी योजना आणावी लागली.

आणि इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांचं बघा. हेरगिरीच्या खोट्या आरोपात १९९४ ची अटक, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं ५० लाख द्यायला लावले, तरी त्यांचा दिवाणी दावा बंद झाला नाही, त्यात पुढे केरळ सरकारनं १ कोटी ३० लाख दिले. तिथे समोर सरकार होतं, तुमच्याकडे खासगी संस्था, तेवढा आकडा धरून बसू नका. पण फुल अँड फायनलवर सही झाली की हे दार स्वतःच्या हातानं लावल्यासारखं होतं.

घाई एकाच गोष्टीची करा. खोट्या फिर्यादीबद्दल भरपाईचा दावा निर्दोष सुटल्यापासून १ वर्षातच लावावा लागतो, आणि त्यात त्यांचा वाईट हेतू दाखवावा लागतो, नुसती चूक पुरत नाही. म्हणून पावती दोनदा धरली जाते असं भावानं तेव्हा कुणाला लिहून कळवलं होतं का, ते ईमेल, ते मेसेज आजच शोधायला सांगा.