खोडव्याचं पाचट, 0.38 टक्के कर्ब आणि डॉ. रतन लाल

प्रश्न : माझ्या मृदा आरोग्य पत्रिकेत सेंद्रिय कर्ब (काडीकचरा कुजून मातीत साठलेला कार्बन) 0.38 टक्के आलाय. ऊस तुटून गेला, त्याच बुडख्यांचा फुटवा, म्हणजे खोडवा, ठेवायचाय. शेजारी म्हणतात पाचट (उसाचा वाळला पाला) पेटवा, रान मोकळं होईल. मुलगा म्हणतो, रतन लाल नावाच्या शास्त्रज्ञांना या कर्बावरच जागतिक पुरस्कार मिळालाय. काय करावं?

उत्तर : दादा, काडी लावू नका. मुलगा म्हणतो ते बरोबर आहे.

डॉ. रतन लाल यांचा जन्म 1944 चा, पश्चिम पंजाबातला. फाळणीनंतर कुटुंब हरियाणातल्या राजौंदला आलं. वडिलांची शेती थोडकीच. लुधियानाला पदवी, दिल्लीच्या पुसा संस्थेत एम.एस्सी. आणि 1968 साली अमेरिकेत ओहायोला पीएच.डी. आपल्याला उपयोगी पडेल असं काम मात्र त्यांनी त्यापुढे केलं, नायजेरियातल्या इबादानला. 1970 पासून सतरा वर्षं ते तिथल्या संशोधन केंद्रात होते. जंगल तोडून नांगरलेल्या उघड्या जमिनीवर वळवासारखा दणका पाऊस पडायचा आणि वरची माती वाहून जायची. जिथे काडीकचरा पसरून ठेवला, नांगरट टाळली, तिथे माती जागेवर राहिली आणि पाणीही मुरलं. पुढे ओहायोत त्यांनी मातीतल्या कर्बाचा हिशेबच मांडला. 2020 साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, 2021 ला पद्मश्री.

आता तुमच्या रानाचा हिशेब. 0.38 म्हणजे आपल्या प्रतवारीत 'कमी'. एक हेक्टरातली वरची वीतभर माती साधारण वीस लाख किलो भरते. म्हणजे कर्ब नुसता 0.1 टक्क्याने वाढवायचा, तर दोन टन कर्ब मातीत टिकायला हवा. हेक्टरी 8 ते 10 टन पाचट निघतं, त्यात कर्ब अंदाजे 30 टक्के, म्हणजे अडीच-तीन टन. कुजताना त्यातला बराचसा हवेत परत जातो, आपल्या उन्हात तर लवकरच. म्हणून एका खोडव्यात आकडा हलला नाही तरी नाराज होऊ नका. पेटवलं तर मात्र कर्बही गेला आणि नत्रही.

बुडख्यांवर पाचट राहू देऊ नका, नाहीतर कोंब दबतात. ते ओढून सरीत पसरा, बुडखे जमिनीलगत धारदार कोयत्याने छाटून घ्या. पाचटाच्या टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाका. जिवाणू शेणकाल्यातून दिले तर सारखे पसरतात. युरिया चुकवू नका. कुजवणारे जिवाणू मातीतला नत्र स्वतःकडे ओढतात आणि खोडवा पिवळा पडतो, मग दोष पाचटाला दिला जातो. नंतर पाणी द्या, पाचट मातीला चिकटेल.

मात्र नांगरट कायमची बंद करा, असं मी म्हणणार नाही. इबादानची तांबडी, हलकी जमीन वेगळी. आपल्या भारी काळ्या रानात ऊसतोडीच्या ट्रॅक्टरने माती दाबली गेली असेल, तर खोडवा मोडताना एकदा खोल मशागत लागतेच.

कर्ब क्रेडिटचे, म्हणजे मातीत कर्ब साठवल्याबद्दलचे, पैसे देतो म्हणून कुणी बांधावर आलं, तर करार किती वर्षांचा, माती कोण तपासणार आणि पैसे कधी मिळणार हे लेखी घ्या. त्याआधी सही नको.