गरजूंना किराणा फुकट वाटण्याऐवजी त्यांच्यासाठी ना-नफा तत्त्वावर स्वस्त किराणा दुकान चालवणं खरंच चांगलं का? आणि ते टिकतं का?

चांगलं आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. टिकण्याचं मात्र आधीच नीट बघावं लागतं. मी अशा एका दुकानात स्वयंसेवक आहे. माल लावतो, कधी गल्ल्यावर बसतो.

फुकटच्या पिशवीत काय घालायचं हे दुसऱ्याच कुणीतरी ठरवलेलं असतं. दुकानात माणूस स्वतः निवडतो. आमच्याकडे येणाऱ्या एक आजी कपड्यांच्या साबणाच्या दोन वड्या हातात घेतात, मागचं वजन वाचतात, वास घेतात आणि एक परत ठेवतात. माल बरा नसेल तर तोंडावर सांगतातही. फुकट घेणारा सहसा तक्रार करत नाही, त्यामुळे आपलं काय चुकतंय ते वाटणाऱ्याला कधी कळतच नाही. मला दुकान आवडतं ते मुख्यतः यासाठी.

ही कल्पना नवी नाही. ऑस्ट्रियात लिंझ शहरात 1999 साली असं दुकान सुरू झालं. तिथे कमी उत्पन्नाचं कार्ड दाखवून खरेदी करता येते. फ्रान्समधल्या अशा दुकानांत बाजारभावाच्या साधारण 10 ते 30 टक्केच पैसे घेतात. इंग्लंडमध्ये बार्न्सलीजवळच्या गोल्डथॉर्प गावात 2013 मध्ये सभासदांसाठी दुकान निघालं. याउलट कोपनहेगनमध्ये 2016 साली उघडलेल्या ‘वीफूड’मध्ये कुणीही जाऊन खरेदी करू शकतं.

कार्ड ठेवावं की दार सगळ्यांना उघडं ठेवावं, यावर खूप वाद होतात. माल कमी असेल तर कार्ड लागतंच, नाहीतर ज्याला गरज आहे तो पोहोचेपर्यंत फळ्या रिकाम्या होतात. पण उत्पन्नाचे कागद एकदाच, बाजूच्या खोलीत बघावेत. गल्ल्यावर, मागे रांग उभी असताना ते विचारणं मला क्रूर वाटतं. तसं केलं की माणसं पुन्हा येत नाहीत.

आता टिकण्याचं. कंपन्यांकडून मिळणारा शिल्लक माल म्हणजे चुकीचं लेबल लागलेला, खोका चेपलेला, सण संपल्यावर उरलेला किंवा तारीख जवळ आलेला. तो बेभरवशाचा असतो: एका आठवड्यात बिस्किटांचे ढीग, पुढच्या आठवड्यात काहीच नाही. शिवाय साबण, सॅनिटरी पॅड, डायपर लवकर खराब होत नाहीत, म्हणून ते शिल्लक मालात क्वचितच येतात, आणि लोकांना नेमके तेच हवे असतात. या वस्तू घाऊक भावाने विकतच घ्याव्या लागतात. ज्यांनी फक्त दानावर भिस्त ठेवली, त्यांच्याकडे लोक दोनदा येतात आणि मग मोठ्या दुकानाची वाट धरतात.

तारखांचंही बघा. ‘बेस्ट बिफोर’ ही चव आणि दर्जाची तारीख असते. ती उलटलेला कोरडा माल बऱ्याचदा खाण्याजोगा असतो, पण विकण्याआधी तुमच्याकडचा कायदा तपासा. ‘युज बाय’ ही सुरक्षिततेची तारीख. ती उलटली की माल बाहेर, तिथे दयामाया नको.

आणि भाडं, वीज, पगार हे स्वस्त विक्रीतून सहसा पुरे निघत नाहीत. अमेरिकेत बोस्टनच्या डॉर्चेस्टर भागात 2015 साली ‘डेली टेबल’ नावाचं असंच ना-नफा दुकान सुरू झालं. ते सुरू करणारे डग राऊच मोठ्या किराणा साखळीचे माजी अध्यक्ष, म्हणजे धंदा कोळून प्यायलेला माणूस. तरीही वाढलेले अन्नाचे भाव आणि देणग्यांची अनिश्चितता यांमुळे 2025 मध्ये त्यांची सगळी दुकानं बंद झाली. म्हणून विक्रीच्या पैशातून फक्त पुढचा माल घ्यायचा आणि जागेचा खर्च कुठून येणार हे वेगळं लिहून ठेवायचं.

तुम्ही जागा शोधायला निघाला असाल तर दोन दिवस थांबा. आधी घाऊक व्यापाऱ्याकडे जाऊन साबण, तेल आणि पॅडचा वर्षभराचा भाव विचारून या. तो आकडा हातात आला की दुकान केवढं काढायचं ते ठरवता येईल.